चामड्याच्या व्यापाऱ्याने पाहिलेले बऱ्हाणपूर

(जैनाबाद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या गावात इतिहासावर बोलायला उभे राहिले की वक्त्याची वाट आधीच ठरलेली असते. आहूखान्याकडे जायचे, १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली, तापी नदीच्या आपल्या बाजूच्या बागेत तिला दफन केले, डिसेंबरात तिचे शव आग्र्याला नेले, हे सांगायचे. मग औरंगजेब आणि हिराबाई जैनाबादी यांची प्रेमकथा. आणि श्रोत्यांना हळहळत घरी पाठवायचे. या गोष्टी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. पण त्या सगळ्या राजवाड्यातल्या आहेत. त्यांत गाव दिसते ते फक्त शामियान्यामागचा पडदा म्हणून.

आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो माणूस मुमताजच्या मृत्यूच्या जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे आधी आपल्या काठावर आला आणि नदी उतरून पलीकडे गेला. इथल्या राजाला भेटला नाही. राजाचे नावसुद्धा त्याने लिहिले नाही. त्याने लिहिले ते चांदीच्या नाण्याविषयी, कापडाविषयी, मातीच्या भिंतींविषयी, रस्त्यात साचणाऱ्या पाण्याविषयी आणि लग्नांविषयी. त्याचे नाव राल्फ फिच. लंडनचा व्यापारी, तिथल्या चामडे विकणाऱ्यांच्या संघाचा सभासद.

‘मध्ययुगीन प्रवासी व्यापारी’ म्हटले की मराठी वाचकाला पहिल्यांदा अफनासी निकितिन आठवतो, आणि ते योग्यच आहे. रशियातल्या त्वेर गावचा हा गृहस्थ १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, घोडा विकायचा म्हणून जुन्नरला गेला, तिथे पावसात अडकला, पुढे बिदरपर्यंत पोहोचला. रेवदंड्याला त्याचे स्मारक उभे आहे. पण तापीकाठी तो आला नाही. फिच आला. तो निकितिनपेक्षा शंभरावर वर्षांनी धाकटा. युरोपच्या हिशेबाने मध्ययुग तेव्हा संपले होते. आपल्याकडे मात्र फारुकी सुलतानांचे राज्य चालू होते, आणि दख्खनमधून उत्तरेला जाणारा माल बैलांच्या पाठीवरूनच जात होता. तेव्हा काळाच्या त्या कप्प्यांवरून भांडण्यात अर्थ नाही.

फिच निघाला १५८३ च्या फेब्रुवारीत, ‘टायगर’ नावाच्या जहाजातून. मोहिमेचा म्होरक्या तो नव्हे, जॉन न्यूबेरी. न्यूबेरी आधी एकदा होर्मुझपर्यंत जाऊन आला होता. बरोबर विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार. पैसा होता एडवर्ड ऑस्बर्न आणि रिचर्ड स्टेपर या लंडनच्या बड्या व्यापाऱ्यांचा, तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या कंपनीतल्या लोकांचा. राणी एलिझाबेथची दोन पत्रेही सोबत होती, एक अकबर बादशहाला आणि एक चीनच्या सम्राटाला. सिरियातल्या त्रिपोलीला उतरून अलेप्पो, तिथून युफ्रेटिस नदीतून खाली, मग बगदाद, बसरा आणि होर्मुझ असा मार्ग. होर्मुझ पोर्तुगीजांचे. तिथे मिकेले स्ट्रोपेने नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने यांच्याविरुद्ध कागाळी केली. धंद्यातली असूया, दुसरे काही नाही. चौघांना पकडून गोव्याला धाडले. नोव्हेंबरच्या अखेरीस ते गोव्याच्या तुरुंगात होते.

इथे ही हकीकत अचानक आपल्या मराठीच्या अंगणात येते. त्या वेळी गोव्यात एक इंग्रज पाद्री राहत होता. १५७९ पासून तिथेच. पुढे १६१६ मध्ये राचोलला त्याचा ग्रंथ छापून निघाला: हजारो ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’. होय, फादर थॉमस स्टीफन्स. या चार कैद्यांची बाजू ज्यांनी लावून धरली त्यांत स्टीफन्स होता, आणि यान ह्युखेन व्हान लिन्स्कोटेन हा गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला डच तरुण होता. या दोघांच्या खटपटीने जामीन मिळाला आणि नाताळच्या आधी चौघे बाहेर आले. चित्रकार स्टोरीला जेझुइटांनी आपल्याकडे ठेवून घेतले, कारण त्यांना चर्चमध्ये चित्रे काढून हवी होती. बाकीच्यांनी गोव्यात दुकान थाटले.

आपल्याकडे स्टीफन्सविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे: त्याची भाषा, त्याच्या ओव्या, त्याच्यावरचा आपल्या संतपरंपरेचा प्रभाव. पण ‘क्रिस्तपुराण’ छापून येण्याच्या तीसेक वर्षे आधी त्याने ज्या माणसाला तुरुंगातून सोडवले, तोच माणूस काही महिन्यांनी तापी ओलांडून गेला, हा धागा कोणी फारसा ओढलेला मला दिसला नाही. स्टीफन्स कॅथलिक, फिच प्रॉटेस्टंट. त्या काळच्या इंग्लंडात असे दोघे एका छपराखाली सुखाने बसले नसते. गोव्यात मात्र ‘आपल्याकडचा माणूस’ एवढे पुरले.

जामीन मिळाला तरी जाच संपला नव्हता. लिन्स्कोटेननेही यांची हकीकत लिहून ठेवली आहे. ती वाचली की कळते, आपल्याला धरून पोर्तुगालला पाठवतील किंवा आणखी छळतील अशी भीती या लोकांना वाटत होती. एप्रिलमध्ये, जामिनाच्या रकमेवर पाणी सोडून, तिघेजण पळाले. प्रवासवृत्तांचा इंग्रज संपादक हॅक्लूट याने १५९९ मध्ये फिचचा वृत्तान्त छापला, त्यात वर्ष १५८५ पडले आहे. पण सगळ्या तारखा जुळवून अभ्यासक १५८४ धरतात, आणि मीही तेच धरतो.

आता वाट पाहा. गोव्याहून बेळगाव, तिथे हिरेमाणकांचा मोठा बाजार भरतो अशी नोंद. लीड्स जवाहिऱ्या बरोबर असल्यावर ती नोंद होणारच. मग विजापूर, मग गोवळकोंडा, मग उत्तरेला वळून बाळापूर, आणि बाळापूरहून बऱ्हाणपूर. म्हणजे हे लोक दक्षिणेकडून आले. बऱ्हाणपूर तापीच्या उत्तर काठावर, आपण दक्षिण काठावर. बाळापूरकडून येणाऱ्याला नदी उतरल्याशिवाय शहरात पाऊल टाकता येत नाही, आणि शहरासमोरचा काठ म्हणजे जैनाबाद. फिचने जैनाबादचे नाव घेतलेले नाही. तरी तो याच बाजूने उतरला असणार, असे मी म्हणतो ते नकाशाच्या बळावर.

या दोन काठांच्या जन्माची कथा इतिहासकार फिरिश्ताने सांगितली आहे, ती आपण सगळे जाणता. नासिरखान फारुकीने असीरगड घेतला. त्याचे अभिनंदन करायला शेख जैनुद्दीन आले. त्यांच्या सांगण्यावरून खानाने एका काठावर शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने आणि दुसऱ्या काठावर जैनुद्दीन यांच्या नावाने गाव वसवले. कथा सुरेख आहे. अडचण एवढीच की जैनुद्दीन १३६९ च्या सुमारास वारले आणि नासिरखान गादीवर आला १३९९ मध्ये. नावे त्या दोन संतांचीच आहेत यात शंका नाही. दोघांच्या कबरी खुलताबादला आहेत. भेटीचा प्रसंग मात्र नंतरच्या भक्तिभावाने रचलेला दिसतो. असो.

तर फिचने इथे काय पाहिले? सगळा मजकूर एका परिच्छेदाचा आहे. इथले नाणे चांदीचे, गोल आणि जाड, त्याची किंमत इंग्रजी वीस पेन्स, आणि चांदी उत्तम. मुलूख मोठा आणि दाट वस्तीचा. जून, जुलै, ऑगस्टमध्ये रस्त्यांत इतके पाणी की घोड्याशिवाय जाता येत नाही. घरे मातीची, वर गवताची शाकारणी. सुती कापड भरपूर तयार होते, रंगवलेले आणि चितारलेले कापडही. धान्य आणि भात पुष्कळ.

यात किल्ला नाही, मशीद नाही, सुलतान नाही. मला हा परिच्छेद आवडतो तो त्यामुळेच. पण आधी तो खरा आहे का, हे तपासायला हवे. कारण फिचवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो खराच आहे. चेझारे फेदेरिची या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने फिचच्या आधी पूर्वेचा प्रवास करून पुस्तक लिहिले होते. फिचने परत गेल्यावर आपला वृत्तान्त लिहिताना त्याच्यातून सढळ हाताने उचल केली, विशेषतः पेगूच्या म्हणजे ब्रह्मदेशाच्या वर्णनात. इतक्या वर्षांची टिपणे जवळ नसतील, काही धास्तीपोटी लिहिलीच नसतील. कारण काहीही असो, त्या भागांत फिच कुठे संपतो आणि फेदेरिची कुठे सुरू होतो हे सांगणे अवघड जाते. लांब, गुळगुळीत, वाचायला मजेदार परिच्छेद दिसला की आता मला संशय येतो. बऱ्हाणपूरला मात्र फेदेरिची आलाच नव्हता. इथे नक्कल करायला समोर पुस्तक नव्हते. म्हणून हा मजकूर तुटक आहे, आणि म्हणूनच तो फिचचा स्वतःचा आहे.

दुसरी कसोटी इतर साक्षीदारांची. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर खानदेश सुभा झाला आणि ‘आईन-इ-अकबरी’त त्याचे वर्णन आले. तिचा कर्ता अबुल फजल म्हणजे दरबारचा माणूस, कौतुक करण्यात वाकबगार. तोही बऱ्हाणपूरच्या बागा, देशोदेशीचे लोक आणि कारागिरांचा भरभराटीचा धंदा सांगून झाल्यावर कबूल करतो की उन्हाळ्यात इथे धुळीचे लोट उठतात आणि पावसात त्यांचा चिखल होतो. खानदेशचा तांदूळ चांगला आहे हेही तो सांगतो. ज्वारीच्या मुलखात फिचला भात कुठून दिसला, या शंकेला तिथे उत्तर मिळते. १६१५ मध्ये इंग्लंडचा वकील टॉमस रो शाहजादा परवीझला भेटायला आला. शाहजाद्याचे, मोगल सरदार खानखानानचे आणि आणखी थोड्यांचे वाडे सोडले तर त्याला सगळीकडे मातीची खोपटी दिसली. १६४१ मध्ये फ्रेंच प्रवासी तावर्निए आला. त्यालाही शहर मोठे पण पडझड झालेले आणि बहुतेक घरे गवताने शाकारलेली आढळली. पण त्याच घरांतून निघालेले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, मस्कोव्ही आणि कैरोपर्यंत जाते, असेही त्याने लिहिले. साठ वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या स्वभावाची चार माणसे. मातीची भिंत आणि उत्तम कापड ही जोडी कोणीच मोडत नाही.

रो नाक मुरडतो. फिच मुरडत नाही. घर मातीचे आहे हे सांगून तो लगेच कापडाकडे वळतो, आणि मला वाटते, हा स्वभावापेक्षा व्यवसायाचा परिणाम आहे. वकिलाला समोरच्या राजाची प्रतिष्ठा मोजायची असते; त्याला दगडी वाडे हवे असतात. व्यापाऱ्याला ठाऊक असते की माल कुठल्या झोपडीतून येतो याने मालाचा भाव ठरत नाही. आज बऱ्हाणपुरात पॉवरलूमच्या खडखडाटातून चालताना हे समजायला इतिहासाचे पुस्तक लागत नाही.

आता लग्ने. बऱ्हाणपूरच्या मजकुराला जोडूनच तो सांगतो की वाटेत अनेक गावांत लग्ने फार पाहिली. मुलगे आठ-दहा वर्षांचे, मुली पाच-सहा वर्षांच्या. नवरा-नवरी सजवलेल्या एकाच घोड्यावर, वाजतगाजत गावातून मिरवणूक, मग भात आणि फळांचे जेवण, आणि रात्री उशिरापर्यंत नाच. एवढ्या लहानपणी लग्न का, हे त्याने विचारलेले दिसते. नवऱ्यामागे बायकोने सती जायची रीत आहे, तेव्हा बाप गेला तरी मुलांकडे पाहायला सासरा असावा, असे उत्तर त्याला मिळाले. कारण अर्धेमुर्धे आहे. बालविवाहाचे मूळ इतके सोपे नाही. पण कोणीतरी एका परक्याला, रस्त्यात, सुचेल तसे उत्तर दिले आणि त्याने ते जसेच्या तसे टिपले. सोळाव्या शतकातल्या या भागातल्या सामान्य माणसाच्या तोंडची इतकी जवळची गोष्ट दरबारी बखरींत क्वचितच सापडेल. ती ऐकायला सुखाची नाही, हा भाग वेगळा.

या लग्नांवरून मला एक हिशेब सुचतो. फिचच्या प्रवासाच्या तारखा विस्कळीत आहेत हे मी मघाशी म्हटले. गोवा सोडले एप्रिलमध्ये, म्हणजे चैत्र-वैशाखात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की आपल्याकडे लग्ने बंद. म्हणजे गावोगाव पाहिलेल्या वराती वैशाख-ज्येष्ठातल्या, फार तर आषाढाच्या सुरुवातीच्या. ऐन लग्नसराईतच हे तिघे या मुलखातून चालत होते. दुसरीकडे, बऱ्हाणपूर सोडून मांडू, उज्जैन, सिरोंज करत आग्र्याकडे जाताना नद्यांना इतके पूर होते की अनेकदा जिवावर उदार होऊन पोहत जावे लागले, असे तो लिहितो. ही दोन टोके जुळवली तर तापीकाठचा मुक्काम पावसाच्या तोंडाशी येतो. मृग लागला आहे, वरातींचा शेवटचा हंगाम चालू आहे, नदी अजून उतरू देते आहे. रस्त्यातल्या पाण्याचा थोडा भाग त्याने स्वतः तुडवला असेल आणि ऑगस्टचा भाग गावकऱ्यांनी सांगितला असेल. हा अंदाज आहे. पण लंडनमध्ये बसून फिचच्या तारखा लावणाऱ्या पंडितांना पंचांग सुचले नाही, त्याला माझा इलाज नाही.

फिच चुकतोही. बऱ्हाणपूर अकबराच्या देशात आहे असे तो लिहितो. १५८४ मध्ये इथे राज्य राजा अलीखान फारुकीचे होते. तो अकबराला खंडणी देत होता हे खरे. पण दोनच वर्षांनी, बादशहाचा दूधभाऊ खान-इ-आझम वऱ्हाडात घुसला तेव्हा हाच राजा अलीखान दख्खनच्या बाजूने उभा राहिला. आणि पुढे १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने लढताना गोदावरीच्या खोऱ्यात कामी आला. दोन दगडांवर पाय ठेवून वीस वर्षे राज्य करणारा हा माणूस. त्याची मर्जी कुठे आहे हे मोगलांना आणि अहमदनगरला कळत नसे, तिथे वाटसरू व्यापाऱ्याला काय कळणार? फिचचा संबंध आला असेल जकातनाक्याशी, आणि तिथे ज्याची धास्ती जास्त त्याचे नाव सांगण्याची रीत आजही आहे.

जामा मशीद त्याला दिसली नाही, कारण ती अजून बांधलीच नव्हती. राजा अलीखानाने ती पुढच्या काही वर्षांत पुरी केली आणि तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरला. त्यात शके १५११ ची नोंद आहे. खुनी भंडाऱ्याचे पाणी तर खानखानानच्या काळातले, १६१५ चे. आज आपण पाहुण्याला जे जे दाखवतो त्यातले बहुतेक फिचनंतरचे. त्याच्या बऱ्हाणपुरात किल्ला, बाजार, नदी आणि चिखल होता, आणि तेवढ्यावर ते शहर मोठे व्यापारी शहर होते.

पुढचा प्रवास मी भरभर सांगतो, कारण तो आपला नाही. फत्तेपूर आणि आग्रा ही दोन्ही शहरे त्याला लंडनपेक्षा कितीतरी मोठी वाटली. लीड्सने अकबराची नोकरी धरली. घर, घोडा, गुलाम आणि रोजचा तनखा मिळाला. न्यूबेरी सप्टेंबरच्या अखेरीस लाहोरमार्गे इराणकडे निघाला. दोन वर्षांत बंगालच्या किनाऱ्याला जहाज घेऊन येतो म्हणाला. तो घरी पोहोचलाच नाही. राणीचे पत्र बादशहाच्या हाती पडले की नाही, याविषयी फिच अवाक्षर काढत नाही. तो एकटा, मीठ, अफू, हिंग, शिसे आणि गालिचे लादलेल्या १८० नावांच्या ताफ्याबरोबर यमुना-गंगेतून पाच महिने खाली बंगालला गेला. तिथून पेगू, चियांग माई, मलाक्का. परतताना कोचीनला अनेक महिने जहाजाची वाट पाहिली. गोव्यात मात्र तीनच दिवस थांबला, कारण जुने जामीनपत्र कोणाला आठवेल याची भीती! मग चौलला तीनेक आठवडे. निकितिन जिथे उतरला होता तिथूनच, म्हणजे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरूनच, फिचने हिंदुस्थान सोडला.

१५९१ च्या एप्रिलमध्ये तो लंडनला पोहोचला तेव्हा घरच्यांनी त्याला मेला समजून मृत्युपत्राची कार्यवाही उरकली होती. त्याने लिहून ठेवलेल्या रस्त्यांना लवकरच गिऱ्हाईक मिळाले. १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची जुळवाजुळव चालू असताना तिच्या लोकांनी त्याचा सल्ला घेतला, आणि १६०६ मध्ये पूर्वेकडच्या राजांना पत्रात कोणती बिरुदे लावावीत हेही त्यालाच विचारायचे ठरले. ज्याने बऱ्हाणपूरच्या राजाचे नाव लिहिले नव्हते त्याला! १६११ मध्ये तो वारला.

त्याच्या आदल्या वर्षी, १६१० मध्ये, कंपनीचा विल्यम फिंच बऱ्हाणपुरात येऊन गेला होता. नावात एका अनुस्वाराचा फरक, म्हणून दोघांची गल्लत होते; हा निळीचा व्यापारी. एव्हाना शहर मोगलांचे झाले होते, आणि इंग्रज वाटसरूला इथे थांबून गावगप्पा ऐकायला सवड मिळत होती. आपल्यासमोर पात्रात जो दगडी हत्ती आहे, त्याची गोष्ट फिंचने लिहून ठेवली आहे: तो इतका हुबेहूब की पाणी प्यायला आलेला एक खरा हत्ती त्याच्यावर धावून गेला आणि आपले दोन्ही सुळे मोडून बसला. लोक त्या दगडाला शेंदूर फासून पूजतात, हेही तो सांगतो. फिचच्या कानावर ही गोष्ट आली असती, तर त्याने आधी हस्तिदंताचा भाव विचारला असता.